नागोजी बिळकर आत आहे

मळा, निपाणीजवळ
८ जानेवारी २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

प्रिय दिपे,

पत्र बघून तुला वाटेल, ही पोरगी एकदम आज्जीच्या काळात गेली काय. तसंच समज. फोन वृषभदादाकडं आहे. माझ्या डोळ्यांना विश्रांती हवी असं घरात ठरलंय. पत्राला मात्र कुणाची ना नाही. दादा ते वाचून स्वतः पाकिटात घालेल आणि निपाणीच्या पोस्टात टाकेल. तुझं आलं की तेही आधी तोच उघडेल. तेव्हा मी अक्षर नीट काढतेय, तूही काढ.

आता आपल्या रविवारच्या फाशांच्या खेळाचं, जिथं तू सूत्रधार होऊन गोष्ट चालवतेस आणि आम्ही पात्रं होतो. 'सात वेशीं'मधली माझी तलवारवाली तू मागच्या महिन्यात दलदलीत बुडवलीस, त्याचा राग अजून गेलेला नाही. भरपाई म्हणून मला नवा वंश हवा. माणसं, राक्षस, वनदेव हे सगळं जुनं झालं. मी उंदीरमाणसं तयार केलीत. त्यांचं नाव बिळकर.

उंची आपल्या कमरेएवढी. दोन पायांवर चालतात, शेपटी कमरेला गुंडाळून ठेवतात. मिशांनी अंधारातली भिंत वाचतात, त्यामुळं वाट शोधताना फाशाला चार जास्त. समोरासमोरच्या लढाईत दोन कमी. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. कुरतडणं बंद झालं तर वाढलेल्या दातांनी तोंडच मिटत नाही आणि ते उपाशी मरतात. हे मी रचलेलं नाही, प्राणिशास्त्राच्या पोरीवर विश्वास ठेव. आणि मुख्य म्हणजे बिळाला दोन तोंडं. दुसरं तोंड आतून पातळ मातीनं लिंपलेलं असतं, ते कुठं आहे हे एकालाच माहीत असतं.

हे सुचलं ते आमच्या पिंजऱ्यामुळं. आमच्याकडं उंदीर मारत नाहीत, पिंजऱ्यात धरून सोडतात. आणि आक्काचा नियम असा की घरात जीव कोंडलेला असेल तर ती घास घेत नाही. आक्का म्हणजे धोंडूबाई, आप्पांची थोरली बहीण. विशीत विधवा होऊन परत आली आणि तिनंच आप्पांना वाढवलं. तिचं जेवण अडलं की सगळ्या घराचं अडतं. म्हणून सकाळी पिंजऱ्यात काही सापडलं की दादा मोटारसायकल काढतो आणि वेदगंगेच्या पुलापलीकडं जाऊन सोडून येतो. अलीकडं सोडला तर उंदीर दुसऱ्या दिवशी परत हजर. दादा आला की मग आक्का ताटावर बसते.

माझ्या बिळकराचं नाव नागोजी. त्याला खेळात घे. लवकर लिही.

तुझी,
त्रिशला


उचगाव
१३ जानेवारी

त्रिशे,

तिळगूळ घे, गोड बोल. पाकिटात चार दाणे घातलेत, वृषभदादांनी दोन खाल्ले तरी चालतील. (नमस्कार, वृषभदादा.)

पत्र वाचून लई मजा आली. आमच्या छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवते, पण माझ्या नावानं पाकीट शाळेनंतर पहिल्यांदाच आलं. फोनबिन सोडून मळ्यात बसलीस, संक्रांतीला बाजरीची भाकरी खातेस, चैन आहे बाई तुझी. मला असं कुणी सक्तीनं विश्रांतीला बसवलं तर मी पाया पडेन.

बिळकर मंजूर. फक्त 'वंश' म्हणायचं, 'जात' नाही. जाती आपल्याकडं आधीच पुष्कळ आहेत. आणि उंदराचं नाव नागोजी? एखादा साप ऐकून हसून मरेल. असू दे.

रविवारी आम्ही तिघंच होतो. आरोही पेंगत होती आणि साईराजनं स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली, फाशावर एक पडला. तुझी खुर्ची रिकामी होती. आईला बिळकरांचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उंदरावर खेळ काढतायसा व्हय? आमी त्येंच्यावर आख्खं घर चालवलंय." शेंगांची काढणी झाली की ती आणि शेजारच्या बायका उंदरांची बिळं उकरून आतल्या शेंगा काढायच्या, त्याचं ती सांगत होती. ऐकायला तू हवी होतीस.

तुझं हॉलतिकीट कॉलेजमधून मी आणून ठेवलंय. परीक्षा दहा फेब्रुवारीला, सोमवारी. दोनदा पुढं गेली, आता जायची नाही. शेवटची आहे बाई, पुस्तकं उघड.

तुझी सूत्रधार,
दिपाली


मळा
१७ जानेवारी

प्रिय दिपे,

तिळगूळ पोचला. पूर्ण चार दाणे.

नागोजीची पहिली चाल लिहितेय, नीट वाच. तो मोहिमेवर निघायच्या आधीच अडकलाय, तेही शत्रूच्या तुरुंगात नाही, स्वतःच्या घरच्या बिळात. त्याचे लोक वाईट नाहीत. त्याला खाऊपिऊ घालतात, त्याच्या आवडीचं करतात. पण एका मोठ्या बिळातून त्याला मागणी आली आहे, आणि दहा तारखेच्या शर्यतीला तो गेला तर मागणी मोडेल अशी त्यांना भीती आहे. शर्यतीत एकदा उतरला की तो कुणाचं ऐकायचा नाही, असंही त्यांना वाटतं. त्यांचं फारसं चुकत नाही. तेवीस तारखेला मोठ्या बिळातले पाहुणे सुपारी फोडायला येणार. तोवर पुढच्या दाराशी कुणी ना कुणी बसलेलं असतं. दुसरं तोंड त्यांनी शोधून काढलं आणि दगड घालून बुजवलं.

नागोजी आत फिरतो. मिशांनी सगळ्या भिंती वाचून झाल्या. कुरतडायला काही नाही, त्याची पुस्तकंसुद्धा कपाटात कुलपात आहेत. दात वाढायला लागलेत, दिपे.

तो दगड सरकवायचा प्रयत्न करतोय. फासा टाक.

आक्काला तुझं पत्र वाचून दाखवलं. अंगणात तंबाखूच्या जुड्या बांधत ती ऐकत असते. तुझ्या आईचं बिळं उकरणं तिला अजिबात आवडलं नाही. उंदरासाठी मूठभर तरी ठेवत होत्या का, एवढं विचार म्हणाली.

वाट बघतेय.
त्रिशला


उचगाव
२२ जानेवारी

त्रिशे,

काय प्रवेश घेतलाय नागोजीनं! वाचताना साईराज म्हणाला, हिला आता सूत्रधार करा आणि दिपालीला बसवा खाली.

फासा मी प्रामाणिकपणे टाकला, आरोही साक्षीला होती. दगडासाठी वीस बाजूंच्या फाशावर चौदा हवे होते. पडले चार. म्हणजे दगड हलला नाही, आणि नियमाप्रमाणे जोर लावताना नागोजीचा एक दात मोडला. आता तीन फेऱ्या त्याला हालचाल नाही. आतच बसून राहायचं. रडू नकोस, तुझ्या तलवारवालीपेक्षा बरा आहे, जिवंत तरी आहे. मी तर म्हणते त्यानं मोठ्या बिळातली मागणी घ्यावी. सासरच्या बिळात धान्य भरपूर असेल, खेळातलं निम्मं काम तिथंच होईल.

आईकडून आक्कांना निरोप: मूठभर ठेवत होतो, वर झाकणाला माती पण लोटत होतो.

आता खरं बोलते. दोन पत्रं झाली, परीक्षेचा शब्द नाही. उंदरांचं चार पानं लिहितेस आणि दहा तारखेचं एक ओळ लिहवत नाही? वसतिगृहात कधी येतेस? तुला आळस चढलाय. मळ्यावरची माणसं अशीच सुस्तावतात. मी पुढच्या रविवारी तिकडं येऊन तुला कान धरून आणू का?

दिपाली


मळा
२६ जानेवारी

प्रिय दिपाली,

चार पडले हे वाचलं. फासा आहे, तुझा काय दोष. नागोजी तीन फेऱ्या गप्प बसेल. तसंही त्याला दुसरं काही करता येत नाही. मोडलेल्या दातानं जेवण जात नाही एवढंच.

आळसाचं म्हणशील तर असेल.

त्रिशला

ता. क. दिपालीताई, खेळाचं जरूर लिहा, तिला तेवढाच विरंगुळा. परीक्षेविषयी लिहू नये, तिच्या मनाला त्रास होतो. घरी कामाची गडबड आहे, सध्या येण्याची तसदी घेऊ नये. — वृषभ


उचगाव
३१ जानेवारी

प्रिय त्रिशला,

मागच्या फेरीत सूत्रधाराची चूक झाली. स्वतःच्या घरच्या माणसांनी घातलेल्या दगडावर फासा टाकायचा नसतो. तो डाव मी रद्द केलाय. पडलेले चार रद्द, मोडलेला दातही रद्द. नागोजी धडधाकट आहे. वहीत तसं लिहून आरोही आणि साईराजची सही घेतली.

चूक मला कशी कळली ते सांगते. तुझं शेवटचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, वृषभदादांच्या ता. क. सकट. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "दिपे, त्यो नागोजी खेळत न्हाय गं. त्यो खरंच आत हाय." आता आई अडाणी, तिला खेळातलं सगळं खरंच वाटतं, म्हणून मी हसायला गेले. मला हसू आलं नाही. तुझी सगळी पत्रं काढून पहिल्यापासून वाचली. सासरच्या धान्याचं लिहिलं होतं मी. माझ्या हाताला लाज वाटली, त्रिशे.

मग मी आईला विचारलं, बिळाची दोन्ही तोंडं बंद झाली तर उंदीर काय करतो? ती म्हणाली, बाहेरनं उकरणारी बाई फक्त शेंगा नेते, तिच्या खोऱ्याखाली उंदीर चेंगरतो सुद्धा. दार नेहमी आतल्यांनी काढलेलं चांगलं. म्हणून मी तुझ्याकडं यायला निघाले होते ते थांबले. दहा तारखेच्या आत काही झालं नाही तर मात्र थांबणार नाही, मग चेंगराचेंगरी होवो. हे वृषभदादांनी वाचलं तरी चालेल. खेळातलंच आहे.

आता सूत्रधार म्हणून एक प्रश्न. तुझ्या वंशाचा एक नियम लिहायचा राहिलाय. बिळात कुणी आपल्यातलाच कोंडलेला असेल, तेव्हा बाकीचे बिळकर काय करतात? याचं उत्तर तू देऊ नकोस, तू नागोजीच्या बाजूची आहेस. आक्कांना विचार. हे पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखव, आणि त्या सांगतील ते जसंच्या तसं कळव. तोच नियम मी छापणार.

तुझी,
दिपाली


मळा
५ फेब्रुवारी

प्रिय दिपे,

तुझं पत्र सोमवारी आलं. दादानं वाचलं आणि टेबलावर टाकलं. त्याला ते उंदरांचंच वाटलं असेल, किंवा नसेलही. मी अंगणात आक्काजवळ बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. तुझ्या आईचं वाक्य मी दोनदा वाचलं. आक्कानं हातातली जुडी खाली ठेवली. पुढं वाच म्हणाली. मी प्रश्नापर्यंत आले.

 मग तिनं मला विचारलं, दहा तारखेला काय असतं? मी सांगितलं. पुस्तकं कुठं आहेत? सांगितलं. सांगलीकडच्या पाहुण्यांचं तिला माहीत होतं, पण मीच परीक्षा नको म्हणाले असं तिला सांगितलं होतं. तुला नको झाली का, एवढंच तिनं पुन्हा विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

दुपारी ताटं मांडली. आक्का आली नाही. अव्वा, माझी आई, बोलवायला गेली तर आक्का म्हणाली, घरात जीव कोंडलाय, मी जेवत नाही. दादाला वाटलं पिंजऱ्यात उंदीर पडला असेल. तो कोठीत गेला, पिंजरा घेऊन आला, रिकामाच होता. त्यानं तो आक्कासमोर धरून दाखवला, दार उघडून, उलटा करून.

आक्का म्हणाली, "त्यो पिंजरा न्हवं रं."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिंजरा हातात धरून दादा उभा राहिला. आप्पा ताटावरून उठले, हात धुवायला गेले. हातच भरलेला नव्हता.

आज तिसरा दिवस. ती फक्त पाणी घेते, तेही सूर्य मावळायच्या आत. भादव्यात आठ-आठ उपवास केलेली बाई आहे, त्यामुळं ही धमकी नाही हे घरात सगळ्यांना कळतं. आप्पा तिच्याजवळ जाऊन बसतात आणि तांब्यातलं पाणी बदलून उठतात. मलाही जेवण जात नाही. ती माझ्यापायी उपाशी आहे आणि मला आतून बरं वाटतंय, याची शरम वाटते. भीतीही वाटते. दहा तारीख पाच दिवसांवर आली, दिपे, आणि तिचं वय त्र्याहत्तर आहे.

नियम असा छाप: घरात जीव कोंडलेला असताना बिळकर जेवत नाहीत.

त्रिशला

ता. क. वाचलं. — वृषभ


मळा
८ फेब्रुवारी
(त्रिशलाबरोबर)

कु. दिपाली यांस,
त्रिशलाचे वडील वर्धमान यांचा जय जिनेंद्र.

त्रिशलास परीक्षेस पाठवीत आहे. परीक्षा होईपर्यंत तिची राहण्याची सोय आपल्या मातोश्रींकडे व्हावी. वसतिगृहात एकटी ठेवणे मनास पटत नाही. ती कांदा, लसूण, बटाटा खात नाही, संध्याकाळी उजेड असतानाच जेवते. आपणांस त्रास पडेल, क्षमा असावी.

आपल्या रविवारच्या खेळाचा फोटो कुणीतरी सांगलीकडच्या पाहुण्यांना दाखवला होता. त्यात तिच्या शेजारी एक मुलगा बसला होता. त्यांनी विचारणा केली. मी घाबरलो, हे मान्य करतो. कार्यक्रम तेवीस तारखेसच ठरला आहे व तो मोडलेला नाही, याची तिला आठवण असावी.

आक्काने सांगितले आहे की मी पूल ओलांडून, तिला सोडून, एकटा परत आलेला दिसल्यावरच ती पारणे करील. म्हणून घाईत लिहिले.

आपला,
वर्धमान


उचगाव
१६ फेब्रुवारी

॥ जय जिनेंद्र ॥

तीर्थरूप आक्कास त्रिशलाचा वाकून नमस्कार.

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र दादा वाचून दाखवेल. दादा, सावकाश वाच, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

आक्का, चार पेपर झाले, दोन राहिलेत. पहिल्या दिवशी प्रश्न बघितले आणि दात शिवशिवले. पानामागून पान लिहिलं. दिपालीच्या आई, मनुबाईकाकू, माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकरी करतात. उजेड असेपर्यंत मी जेवले नाही तर दिपालीला माझ्यामागं पाठवतात. त्यांनी तुला विचारलंय की मुगाचं पाणी पचलं का, आणि आता भात घेतेस का.

मी इथं खेळले नाही. नागोजी अजून आतच आहे. दिपाली त्याच्यासाठी फासा टाकायला तयार नाही. तो बाहेर आला की मगच खेळ सुरू, म्हणते.

त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलं.  पूल ओलांडल्यावर आप्पांनी गाडी थांबवली, बाभळीपाशी, जिथं दादा पिंजरा उघडतो तिथंच. मला वाटलं माघारी फिरतायत. ते खाली उतरले. माझी पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली. निपाणीचा स्टँड अजून पुढं होता. मी म्हटलं, आप्पा, इथं का? त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. मग म्हणाले, "उंदीर परत येऊ ने म्हणून त्याला हितवर आणतो आपण. तू मातूर ये गं."

मग त्यांना वाटलं असेल की आपण भलतंच बोललो, कारण त्यांनी मला पुन्हा गाडीवर बसवलं आणि स्टँडवर नेऊन बेळगावच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत उभे होते. तू तोवर दारात बसून होतीस, हे मला माहीत आहे. रोज वेळेवर जेव, आक्का. मी जिथं असेन तिथं त्याच वेळेला जेवेन.

दादा, इथून पुढचं आक्काला वाचून दाखवू नकोस. तुझ्यासाठी आहे.

बसमध्ये पिशवी उघडली. पुस्तकांच्या खाली माझा फोन होता, चार्ज केलेला, आणि त्याच्याभोवती माझी चार पत्रं गुंडाळलेली. दिपालीला गेली ती खरी पत्रं, आणि ही तुझ्या अक्षरातली नक्कल. तू ती उतरवून का घेतलीस हे मी तुला विचारणार नाही. पण पाच फेब्रुवारीच्या पत्रात 'शरम' या शब्दाखाली शाई फुटली आहे, ती माझ्या हातून फुटलेली नाही.

तेवीस तारखेला मी येणार नाही. परीक्षा संपली की पुढं शिकायला अर्ज करणार आहे. घरी येईन, आप्पांना परत येण्याचा शब्द न देता निघाले म्हणून तर जास्तच येईन, पण ज्या दिवशी पुढच्या दाराशी कुणी राखण बसलेलं नसेल त्या दिवशी. पाहुण्यांना काय कळवायचं ते आप्पांनी आतापासून ठरवावं, ऐन वेळेला त्यांची मान खाली जायला नको. हे मी फोनवरून सांगू शकले असते. सांगायला लागले असते तर त्यांच्या आवाजानं मी परत गेले असते.

आप्पा दुपारी ताटावर बसले की त्यांच्यासमोर बस. माझी सगळी पत्रं तू मनातल्या मनात वाचलीस, दादा. हे एवढं मोठ्यानं वाच.

तुझी बहीण,
त्रिशला